कॉफीच्या पुड्यावर हिशेब हवा

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. अर्थशास्त्राची पदवी घेऊन तो पुढे जाहिरातकलेकडे वळला आणि आता मुंबईत वस्तूंची वेष्टने व बोधचिन्हे तयार करून देण्याचा व्यवसाय करतो. पूर्व घाटातील आदिवासींनी पिकविलेली कॉफी शहरांतून विकू पाहणाऱ्या एका कंपनीने त्याच्याकडे काम सोपविले होते. पर्यावरणाला जपणारे वेष्टन हवे आणि ‘नैतिक कॉफी’ला शोभेल अशी छाप हवी, एवढीच सूचना होती. त्याने माझ्या टेबलावर तीन नमुने मांडले. तिन्ही देखणे होते. खाकी कागदाचा पुडा, त्यावर एक हिरवे पान आणि कॉफीची लाल फळे खुडणारी एक हसरी आदिवासी स्त्री.

मी विचारले, “या बाईंना किलोमागे काय मिळते?”

तो म्हणाला, “सर, ते मला कोणी सांगितलेले नाही.”

“बरे, हा पुडा रिकामा झाल्यावर कोठे जातो?”

त्याने पुडा उघडून आतली चंदेरी बाजू मला दाखविली आणि तो गप्प राहिला.

दोष त्याचा नाही. परंतु नैतिक कॉफीचे वेष्टन करणाऱ्या माणसाला या दोन प्रश्नांची उत्तरे पुरविण्याची कोणालाच गरज वाटू नये, ही गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. म्हणून हा लेख.

आपल्या वाचकांपैकी काहींना हा विषय गौण वाटेल, याची मला कल्पना आहे. पाहुणे आले म्हणजे जायफळ घालून कॉफी करावी, यापलीकडे आपल्याकडील बहुसंख्य घरांचा कॉफीशी संबंध नाही. महाराष्ट्रात ती पिकते तीही विदर्भात चिखलदऱ्याच्या डोंगरावर आणि अगदी थोडी. शिवाय वेष्टन, छाप, ब्रँड हे बाजाराचे चाळे. त्यांच्याशी समाजवाद्यांना काय कर्तव्य, अशीही आपली एक सवय आहे. ही सवय आपल्याला महागात पडली आहे असे माझे मत आहे. वस्तूच्या किंमतीतील मोठा हिस्सा शेतातून सरकत सरकत वेष्टनावर जाऊन बसला, तेव्हा आपण शेताच्या बांधावर उभे राहून घोषणा देत होतो. ज्या जागी किंमत ठरते ती जागा आपण निर्वेधपणे व्यापाऱ्याला सोडून दिली.

नैतिक कॉफीची कल्पना आली कोठून, हे आधी पाहू. १९६२ साली कॉफी पिकविणाऱ्या आणि पिणाऱ्या देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय कॉफी करार केला. कोणत्या देशाने किती कॉफी निर्यात करावी याचे कोटे ठरत आणि त्यायोगे भाव कोसळू दिला जात नसे. या करारात दोष पुष्कळ होते. तथापि भावाची जबाबदारी सरकारांची आहे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले होते. जुलै १९८९ मध्ये ही कोटापद्धती मोडली आणि काही महिन्यांतच भाव जवळजवळ निम्म्यावर आले. २००१ साली तर सरासरी भाव पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली गेला.

ही मोडतोड होण्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ साली, हॉलंडमध्ये ‘मॅक्स हावेलार’ या नावाची एक मुद्रा निघाली. जावा बेटावरील डच वसाहतीच्या जुलमाचे चित्रण करणाऱ्या १८६० सालच्या एका कादंबरीवरून हे नाव घेतलेले होते. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातील छोट्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेची कॉफी या मुद्रेखाली दुकानांत आली. त्या संस्थेबरोबर काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ यांचा या प्रयत्नात मोठा वाटा होता. पुढे जगभर पसरलेल्या ‘फेअरट्रेड’ मुद्रेचे मूळ येथे आहे.

या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. सरकारांनी भाव राखण्याचे काम सोडले आणि ते काम दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकावर येऊन पडले. ज्याचा निवाडा राष्ट्रांच्या परिषदेत व्हावयाचा, त्याचा निवाडा फळीवरच्या पुड्यापाशी होऊ लागला. वेष्टनाला राजकीय महत्त्व आले ते असे.

आपल्या देशातही थोड्याफार फरकाने हेच घडले. १९४२ च्या कॉफी कायद्याने उत्पादकाची कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जात असे. बोर्ड तिचा लिलाव करी आणि पैसे हप्त्याहप्त्याने उत्पादकाला देई. हप्ते रखडत, कारभार सुस्त होता, आणि खुद्द उत्पादकांनीच खुल्या विक्रीची मागणी केली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९९२ पासून खुल्या विक्रीला वाट मिळाली आणि १९९६ पर्यंत साठ्याची पद्धत संपुष्टात आली. प्रारंभीची वर्षे बरी गेली. त्यानंतर जागतिक मंदीचा तडाखा कोडगू, चिकमगळूर आणि वायनाडच्या छोट्या उत्पादकांना बसला, तेव्हा मध्ये कोणी उभे नव्हते. वायनाडमधील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या त्याच काळातल्या.

मग मुद्रेने किती भरून काढले? धुतलेल्या अरेबिका कॉफीसाठी फेअरट्रेडची किमान किंमत २०११ पासून पौंडाला १.४० डॉलर होती. ती ऑगस्ट २०२३ मध्ये १.८० डॉलर झाली. म्हणजे बारा वर्षे ती जागची हलली नाही. त्याखेरीज पौंडामागे २० सेंट सामाजिक अधिमूल्य म्हणून संस्थेला मिळतात आणि त्यांचा विनियोग सभासदांची सभा ठरविते. ही व्यवस्था चांगली आहे. पण तिचे आकारमान लक्षात घ्या. पौंडाला २० सेंट म्हणजे किलोला ४४ सेंट. भाजताना कॉफीचे वजन साधारण सहाव्या हिश्श्याने घटते, म्हणून एक किलो भाजलेल्या कॉफीमागे हे अधिमूल्य सुमारे ५३ सेंट होते. कपाला दहा ग्रॅम भुकटी धरली तर कपामागे अर्धा सेंट, म्हणजे आपले पन्नास पैसे. शहरातील वातानुकूलित उपाहारगृहात जो कप दीड-दोनशे रुपयांना मिळतो, त्यातील नैतिकतेचा हा भाव आहे. शिवाय किमान किंमत धरली जाते ती बंदरावर, संस्थेसाठी. शेतकऱ्याच्या हाती येते ती त्यातून खर्च वजा जाता उरलेली रक्कम. आणि शेतकऱ्याला रास्त भाव मिळाला म्हणजे हंगामात फळे खुडणाऱ्या मजुरालाही रास्त मजुरी मिळाली, असे आपोआप होत नाही.

मुद्रा टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. मंदीच्या वर्षांत या किमान किंमतीने अनेक सहकारी संस्था तगवून धरल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने पौंडाला चार डॉलरची मर्यादा ओलांडली, तेव्हा ही किमान किंमत निरुपयोगी वाटली असेल. परंतु बांधाची परीक्षा पाऊस पडतो तेव्हा होते, उन्हाळ्यात नव्हे. माझे म्हणणे एवढेच की, मुद्रा ही एक ग्वाही आहे आणि ग्वाहीला हिशेबाची जोड हवी. पुडा हातात घेणाऱ्याला तो हिशेब पुड्यावरच दिसला पाहिजे.

हे अव्यवहार्य आहे, व्यापारातील गुपिते अशी छापता येत नाहीत, असे सांगण्यात येईल. त्याला माझे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. फिल्टर कॉफीचा कोणताही पुडा उलटून पाहा. त्यात कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के, हे तेथे छापलेले असते, कारण कायद्याची तशी सक्ती आहे. चिकोरीचे प्रमाण हेही एके काळी दुकानदाराचे गुपितच होते. कमाल किरकोळ किंमत छापण्याचीही एके काळी सक्ती नव्हती. भेसळ ओळखण्याचा ग्राहकाचा हक्क आपण मान्य केला. मग किंमतीतील भेसळ ओळखण्याचा हक्क का मान्य करू नये? ‘या पुड्याच्या किंमतीपैकी इतके टक्के उत्पादकाला, इतके भाजणी व वेष्टनाला, इतके वाहतूक व विक्रीला’ अशा तीन ओळींना चिकोरीच्या ओळीपेक्षा अधिक जागा लागणार नाही. परदेशात काही छोट्या भाजणीवाल्यांनी कच्च्या कॉफीसाठी दिलेली किंमत जाहीर करण्यास स्वतःहून प्रारंभ केला आहे. तेव्हा ते अशक्य नाही.

भौगोलिक निर्देशांकाच्या मुद्रेने हे काम होते, असाही एक समज आहे. २०१९ साली कोडगू, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू खोऱ्यातील अरेबिका व वायनाडची रोबस्टा अशा पाच भारतीय कॉफींना हा निर्देशांक मिळाला. त्याचे मोल आहे. दुसरीकडची कॉफी त्या नावाने विकता येत नाही. पण माल कोठला हे सांगणारी ती मुद्रा आहे. मालाचे पैसे कोणाला गेले हे ती सांगत नाही. तीच गोष्ट ‘निसर्गस्नेही’, ‘हरित’ अशा शब्दांची. पुराव्यावाचून असे मोघम दावे करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली. निसर्गाविषयीच्या खोट्या शब्दांना लगाम घातला गेला, हे योग्यच झाले. श्रमाविषयीच्या शब्दांना मात्र आज कोणताच लगाम नाही. आणि त्या हसऱ्या स्त्रीच्या चित्राला तर नाहीच नाही. तिची संमती कोणी घेतली? तिच्या चेहऱ्याने किती पुडे खपले, आणि तिला काय मिळाले?

आता पुड्याच्या आतल्या चंदेरी बाजूकडे वळू. येथे भावनेपेक्षा माहितीची गरज आहे. भाजलेली कॉफी काही दिवस कर्बवायू सोडीत राहते आणि प्राणवायू व दमटपणा लागला की तिचा स्वाद उतरतो. म्हणून पुडा असा हवा की आतला वायू बाहेर जावा, बाहेरची हवा आत येऊ नये. १९६० च्या दशकात इटलीत यासाठी एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप निघाली. ती बसविलेला पुडा प्लास्टिक, अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि पुन्हा प्लास्टिक अशा थरांचा असतो. हे थर एकमेकांना घट्ट चिकटविलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही. वरून खाकी कागद लावला म्हणजे थरांत आणखी एकाची भर पडते आणि पुडा पुन्हा वापरात आणणे अधिकच अवघड होते. साधेपणाचे सोंग घेतलेला असा पुडा साध्या प्लास्टिकच्या पुड्याहून कधी कधी वाईट ठरतो.

कायदा काय करीत होता? २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत, पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करण्याचे कलम होते. दोन वर्षे भरली तेव्हा, २०१८ साली, त्या कलमात दुरुस्ती करण्यात आली: ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यापासून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याचा अन्य उपयोग नाही, अशाच प्लास्टिकला ते लागू राहील. सिमेंटच्या भट्टीत जाळले म्हणजे ऊर्जा मिळालीच! बंदीचे कलम जागेवर राहिले आणि पुडेही जागेवर राहिले. २०२२ पासून उत्पादकावर आपल्या वेष्टनांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे, ती कागदोपत्री प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीत विरून जाऊ नये, यावर लक्ष ठेवावे लागेल.

या साखळीच्या अखेरीस पुन्हा एक स्त्रीच उभी आहे; मात्र तिचे चित्र कोणी पुड्यावर छापीत नाही. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेच्या कराराने घरोघर कचरा गोळा करू लागली. तेथील कोणत्याही कष्टकरी भगिनीला विचारा. पत्र्याला भाव आहे, काचेला आहे, पुठ्ठ्याला आहे. चंदेरी पुड्याला भंगाराच्या दुकानात भाव नाही. तो उचलणे म्हणजे फुकट श्रम. कॉफी खुडणाऱ्या स्त्रीच्या नावाने विकलेला पुडा कचरा वेचणाऱ्या स्त्रीच्या माथी फुकट मारावयाचा, यात कसली आली नैतिकता?

‘कुजणारे’ म्हणून जे नवे पुडे निघाले आहेत, त्यांच्याविषयीही सावध असावे. त्यांतील पुष्कळसे साठ अंशांच्या आसपास तापमान राखणाऱ्या मोठ्या खतप्रकल्पांतच कुजतात. परसातल्या खड्ड्यात ते महिनोन् महिने तसेच पडून राहतात, आणि दुसऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळले तर त्याच्या पुनर्वापरातही बिघाड करतात. दुसऱ्या बाजूने, नुसत्या कागदात महिनोन् महिने ठेवलेली कॉफी शिळी होऊन फेकावी लागली, तर ती पिकविताना खर्ची पडलेले पाणी, माती आणि श्रम सगळेच वाया गेले. पुडा वाचविण्यासाठी कॉफी गमावणे हा पर्याय नव्हे.

पर्याय आहे तो अंतर आणि काळ कमी करण्याचा. माटुंग्याच्या दाक्षिणात्य दुकानांत कॉफी डोळ्यांदेखत दळून मिळते आणि घरी नेऊन आठ-पंधरा दिवसांत संपविली जाते. तिला सहा महिने टिकणाऱ्या पुड्याची गरजच नसते. जेथे लांबचा प्रवास अटळ असेल तेथे एकाच जातीच्या प्लास्टिकचा, म्हणजे पुन्हा वितळविता येईल असा पुडा वापरावा. संस्थांनी पत्र्याचे डबे अनामत रकमेवर द्यावेत आणि परत घ्यावेत. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे संघ करून एकत्रित खरेदीचा जो पाठ घालून दिला, त्यात असे डबे फिरविणे सहज शक्य आहे. वेष्टनाचा आराखडा हा असा वितरणाच्या आराखड्यातून निघतो. नुसत्या कागदाच्या रंगातून तो निघत नाही.

अखेरचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न छापेच्या मालकीचा. छाप ही मालमत्ता आहे. जमीन आणि यंत्र यांच्या मालकीविषयी आपण पिढ्यान् पिढ्या बोललो. नावाच्या मालकीविषयी बोललो नाही. वास्तविक आपल्याजवळ उदाहरणे आहेत. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली कॉफी हाउसे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने तेथील कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. १९५७ साली बंगलोरला पहिली संस्था नोंदली गेली, आणि ‘इंडियन कॉफी हाउस’ हे नाव वाढपी व आचारी यांच्या मालकीचे झाले. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. ‘लिज्जत’ हे नाव आज घरोघर माहीत आहे आणि ते लाटणाऱ्या भगिनींचे आहे. याउलट आपले साखर कारखाने पाहा. डॉ. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला १९५० साली घालून दिलेल्या वाटेने ऊस उत्पादक कारखान्याचा मालक झाला. पण त्याची साखर आजही बहुतांशी बिननावाच्या पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे जाते.

अराकूच्या खोऱ्यात हा प्रश्न आज प्रत्यक्ष उभा आहे. तेथील आदिवासी कुटुंबे एक-दोन एकरांत, झाडांच्या सावलीत, मिरीच्या वेलांबरोबर कॉफी पिकवितात. १९५६ साली स्थापन झालेले सरकारी छत्राखालील गिरिजन सहकारी महामंडळ त्यांची कॉफी घेऊन खोऱ्याच्या नावाने विकते. दुसरीकडे खासगी प्रयत्नांतून २०१७ साली पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचे दुकान उघडले. खोऱ्याचे नाव जगभर गेले ही आनंदाची गोष्ट. दलाल हटला हीही. परंतु नाव मोठे झाल्याने वाढलेली किंमत दरवर्षी कोणत्या खात्यात जमा होते, आणि ते नाव उद्या विकावयाचे ठरले तर त्या सभेत खोऱ्यातील माणसाला मत आहे काय, हे प्रश्न सरकारी महामंडळालाही विचारावे लागतील आणि सद्हेतूने काम करणाऱ्या खासगी संस्थेलाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे? ग्राहक संस्थांमधून किंमतीच्या वाटणीची ओळ पुड्यावर छापण्याची मागणी पुढे न्यावी. प्रारंभ ‘नैतिक’ म्हणविणाऱ्या मालापासून व्हावा, कारण त्यांनीच तो शब्द वापरला आहे. रिकाम्या वेष्टनाच्या संकलनाची मजुरी उत्पादक कंपनीने कचरावेचकांच्या संस्थेला द्यावी, असा आग्रह नगरपालिकांत धरावा. जेथे आपल्या माणसांच्या उत्पादक संस्था आहेत, मग माल कॉफी असो, काजू असो की मोहाचा असो, तेथे छाप संस्थेच्या नावाने नोंदवून घ्यावी आणि ती सभासदांच्या संमतीवाचून विकता येऊ नये, असे पोटनियमांत लिहून ठेवावे. आणि हे सारे करीत असता, भाव राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे ही जुनी मागणी क्षणभरही सोडू नये. चांगल्या मनाचा ग्राहक हा तिला पर्याय नाही.

माझ्या विद्यार्थ्याने नंतर चौथा नमुना केला. त्यात चित्र नव्हते. पुढच्या बाजूला गावाचे व हंगामाचे नाव होते. मागे किंमतीची वाटणी होती आणि रिकामा पुडा कोठे द्यावा याचा पत्ता घालावयास एक चौकट होती. कंपनीने तो नाकारला. हिशेबाने ग्राहक गोंधळून जाईल, असे त्याला सांगण्यात आले. हिरव्या पानाचा नमुना मंजूर झाला. चौथा नमुना अद्याप माझ्या टेबलावर आहे. ज्या उत्पादक संस्थेला तो हवा असेल तिला विनामूल्य देण्यास तो तयार आहे. तिने फक्त रिकाम्या चौकटीत आपले खरे आकडे भरावयाचे.